अण्णांच्या वहीतला रकाना

संस्थानच्या काळात आमचे अण्णा, श्रीपादराव, लश्कर शहरातल्या एका कॉलेजच्या कचेरीत कारकून होते. ते लागले तेव्हा तिथले कागद लाल बस्त्यांत बांधलेले असत, आणि कुठला कागद कुठल्या बस्त्यात हे फक्त तिथल्या जुन्या कारकुनांना, सदाशिवरावांना ठाऊक. दाखल्याची नक्कल हवी असली की पेढे घेऊन जायचं आणि त्यांची लहर येईपर्यंत बाकावर बसायचं. सरदाराची चिठ्ठी असली तर तासाभरात काम, नाहीतर तीन महिने.

अण्णांनी दोन वर्षं खपून ते बस्ते सोडले. त्या धुळीनं खोकला लागला तो कायमचा. एकेका विद्यार्थ्याचं नाव त्यांनी अकारविल्हे वहीत चढवलं, पुढे बस्त्याचा क्रमांक. नियमही स्वतःच लिहिला: वहीत नाव असेल तर त्याच दिवशी नक्कल, नसेल तर ‘नोंद नाही’. चिठ्ठी कुणाचीही चालणार नाही.

“पूर्वी माणसं आम्हाला शोधत यायची,” सदाशिवराव म्हणाले. “आता सगळे तुमच्या वहीला रामराम करतात.”

अण्णा हसले म्हणे. त्या दिवसांत ते हसत असत.

माझी आतेबहीण विमल त्याच कॉलेजातून इंटर झाली. तिला उज्जैनला दिली, आणि तीन वर्षांत ती विधवा झाली. तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईंची जागा निघाली, तेव्हा सासरे, महिपतराव, कसेबसे राजी झाले. मूळ दाखला सापडेना. नक्कल महिनाअखेर हवी होती. मामाच्या कचेरीत मामाची ओळख चालत नाही, हे विमल आमच्याच ओट्यावर ऐकत वाढलेली. तिनं अण्णांना पत्र टाकलं नाही. रीतसर टपालानं अर्ज गेला. तो सासऱ्यांनी लिहिला आणि सुनेचं त्यांच्या घरी जे नाव होतं तेच घातलं: शालिनी.

अण्णांनी वही पाहिली. शालिनी नव्हती. ‘नोंद नाही’ लिहून सही केली आणि पुढचा अर्ज घेतला.

संक्रांतीला अनसूयाआत्या, विमलची आई, आली. तिळगूळ हातात न घेताच म्हणाली, “पोरीनं नोकरी करू नये असं वाटत होतं, तर तसं मला सांगायचंस. सही करून तिच्या सासऱ्यांना कशाला कळवलंस?”

“मी? काय कळवलं?”

“नाही म्हणून. ते म्हणाले, माहेरालाच नको आहे, विषय बंद. जागा गेली दुसरीला.”

अण्णा हळूच म्हणाले, “शालिनी.”

लग्नात जावयानं तांदळांवर अंगठीनं ते नाव लिहिलं, तेव्हा ताट अण्णांनीच धरलं होतं. पण आमच्या घरात तिला विमलशिवाय कुणी काही म्हटलंच नव्हतं.

नक्कल घेऊन ते स्वतः उज्जैनला गेले. महिपतरावांनी चहा दिला, कागद ठेवून घेतला. निघताना विमल दाराआडून म्हणाली, “मामा, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, मला ठाऊक आहे. पण इथं कुणाला सांगणार?”

परत आल्यावर अण्णांनी वहीत उभी रेघ मारून एक रकाना वाढवला: लग्नानंतरचं नाव. शिकून गेलेल्या मुली सगळ्या मिळून चौदा. त्यांच्या घरोघरी जाऊन विचारून आले.

मीही त्याच कॉलेजातली; माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे अजून घरात असताना, ते कचेरीत जाऊन माझं नवं नाव चढवून आले. विमल त्या लग्नाला आली नव्हती. सासरी स्वयंपाकाला दुसरं कुणी नव्हतं.