विकतची हरणं, राखणीचा माळा

शिकारीच्या मचाणाला एसी बसवायचाय, असं मॅनेजर म्हणाला तेव्हाच मला त्या सगळ्या प्रकाराची शिसारी आली. थंडी तोंडावर आली होती. बहारीनमध्ये त्या दिवसांत संध्याकाळी स्वेटर लागतो. मी विचारलं, "ठंड में एसी किसलिए?"

"भाभीजी, बड़े मेहमान आएँगे. खिड़की खुली रखेंगे तो मच्छर काटेगा. मच्छर काटेगा तो निशाना कैसे लगेगा?"

हा मॅनेजर उत्तरेकडचा, केसांना काळा कलप लावणारा. घाम आला की कलप कानामागे ओघळायचा.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. माझा नवरा पाइपलाइनचा फोरमन. कंपनीचं काम संपलं आणि तिने गाशा गुंडाळला. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि नवऱ्याचा गेला की बायकोपोरांचाही. मुलगी दहावीत होती, परीक्षा मार्चमध्ये. तिला मधेच उचलून गावी नेणं म्हणजे वर्ष बुडवणं. मराठी शाळेत तर ती तरलीच नसती. आमचं बोलणं तिला कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. त्यामुळे सनद गावाच्या पलीकडे दक्षिणेला एका पैसेवाल्याने नवी जमीन घेतलीय, तिथे देखरेखीला माणूस हवाय, असं कळल्यावर आम्ही फार चौकशा केल्या नाहीत. त्याच्या मॅनेजरने अट घातली: मोसमातली पहिली शिकार पाहुण्यांच्या मनासारखी झाली की व्हिसा ट्रान्सफर. तोवर इंशाल्ला.

मालकाला हरणं मारायची होती आणि त्या जमिनीवर एकही हरीण नव्हतं. चारी बाजूंनी भिंत, आत पांढरी माती, मिठाची पपडी, कोपऱ्यात चार खजुरी. मालकाने कुठल्याशा परदेशी कॅसेटमध्ये पाहिलं होतं की जंगलात हिरवं पेरायचं, जनावर चरायला आलं की मचाणावरून टिपायचं. मग त्याने हरणंही विकत घ्यायची ठरवली. भाजी आणावी तशी.

मी शुक्रवारी नवऱ्याबरोबर तिकडे जायची. आम्ही दोघंही आजऱ्याकडचे, डोंगराला टेकलेल्या गावातले. भातशेतीत जनावर कुठून शिरतं, कुठे थबकतं, कशाला बिचकतं, हे आम्हाला शिकवायला कुणी लागत नव्हतं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही जमिनीचा नकाशा काढला. विहिरीचं पाणी खारट, म्हणून लसूणघास. तो खारं पाणी सोसतो. गवताचा पट्टा फाटकापासून लांब, कारण गाड्यांच्या आवाजाने हरणं बुजणार. एका अंगाला उंच वाढणारी बाजरी, आडोसा म्हणून. खजुरींच्या सावलीत पाण्याचं टाकं. हरणं दुपारी सावलीत बसतील, उन्हं उतरली की बाजरीच्या कडेने गवतात येतील. आणि मचाण? नवऱ्याने पेन्सिल टेकवली ती गवताच्या पट्ट्याच्या वायव्य कोपऱ्यावर. मी म्हटलं, बरोबर. क्षणाचाही विचार न करता म्हटलं.

पाइप टाकले, घास उगवला. त्या पांढऱ्या मातीत ती हिरवी चौकट बघून मला बरं वाटलं, हे खरं आहे. मग ट्रक भरून हरणं आली. कुणाच्या तरी वाड्यात वाढलेली, माणसाळलेली, बारीक पायांची. त्यांच्या अंगाला पेंढीचा आणि मुताचा वास. घास अजून पुरेसा वाढला नव्हता, म्हणून नवरा रोज बालदीत भरडा घेऊन जायचा. बालदीची कडी वाजली की सगळी धावत यायची आणि त्याच्या खिशात तोंड घालायची.

तोवर मचाण उभं राहिलं. सिमेंटचे खांब, वर काचेची खोली, लाल गालिचा, सोफे, एक फ्रीज आणि तो एसी. खाली संडास, तोही बसायचा वेगळा आणि उभ्याचा वेगळा.

पहिल्या शुक्रवारी पाहुणे आले. चहापाण्याला मला थांबवून घेतलं होतं. सगळ्यांच्या अंगावर अत्तर असं की जिन्यातच डोकं दुखलं. एकाने खोलीत ऊद जाळला. दुसऱ्याने एसी बंद करून खिडक्या सताड उघडल्या आणि खाली शेगडीवर कबाब लावायला सांगितले. उन्हं उतरली. वारा वायव्येचा, रोजचाच. धूर, अत्तर, कबाब, सगळं घेऊन तो घासावरून पसरला. हरणं पार समोरच्या भिंतीला जाऊन चिकटली ती हललीच नाहीत. पाहुण्यांनी कबाब संपवले, हाडं खिडकीतून खाली घासात टाकली, कोकचे डबे गालिच्यावर सोडले आणि निघून गेले. एकजण जिन्यात थुंकला. ते मी पुसलं.

मॅनेजर नवऱ्यावर उखडला. "हिरन पाला है कि भूत? मेहमान पूछ रहे थे, हिरन मफी? एक भी नहीं? मैं क्या बोलूँ?"

 परतताना गाडीत नवरा एकदम म्हणाला, "अगं, आपण राखणीचा माळा बांधला."

मला लगेच कळलं. गावाकडे भाताची राखण करायला माळा बांधतात तो वाऱ्याच्या तोंडाला. वर माणूस, खाली शेकोटी. माणसाचा वास आणि धूर वाऱ्याबरोबर पिकावरून जातो आणि डुकरं फिरकत नाहीत. आमच्या दोघांच्या सात पिढ्यांनी जनावर हाकलायला माळे बांधले. बोलवायला कसा बांधायचा हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. हात आपोआप तिकडेच गेला. मी हसले, तोही हसला. वाटेवरचं उम्म अल हस्सम येईपर्यंत हसू ओसरलं होतं.

सिमेंटचं मचाण हलणार नव्हतं आणि वारा तर नाहीच. नवऱ्याने मॅनेजरला सुचवलं, घासाचा नवा पट्टा मचाणाच्या मागे, वायव्येला पेरू. वास मग तिकडे जाणार नाही. वाढायला वेळ लागेल, एवढंच.

"टाइम किसके पास है?" मॅनेजर म्हणाला. "मैंने देखा है, तुम बाल्टी बजाते हो तो सब भागके आते हैं. अगले जुम्मे को मचान के नीचे बाल्टी बजाओ. खलास. शनिवार को पासपोर्ट ले आओ."

मी रात्रीच्या भाकऱ्या करत होते तेव्हा नवऱ्याने मला हे सांगितलं. मुलगी आतून ओरडली, "दॅट्स सो डिस्गस्टिंग, पप्पा!"

"तू अभ्यास कर," मी म्हटलं.

आम्ही मटण खाणारी माणसं. गावात डुक्कर मारलं की घरोघर वाटा यायचा आणि मी तो हावरटासारखा खाल्लाय. जनावर मारण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण डुकराला पळायला डोंगर होता. इथे जेवायला हाक मारायची, भिंतीच्या आत, हाक मारणारा रोजचाच माणूस, आणि वर सोफ्यावर बसलेल्या ढेरपोट्याने चाप ओढायचा. याला शिकार म्हणायची?

"काय करू, सांग," नवरा म्हणाला.

"दुसरी नोकरी आहे का हातात?"

"नाही."

"मग मला काय विचारता?"

तो उठून बाल्कनीत गेला. मी भाकरी उलटली.

पुढच्या शुक्रवारी त्याने बालदी वाजवली. मी वर ट्रे घेऊन उभी होते, काचेतून सगळं दिसत होतं. अत्तर होतं, धूर होता, पण या वेळी काहीच आड आलं नाही. हरणं बुजली, थांबली, आणि कडीचा आवाज ऐकून तरीही आली. पहिली गोळी एकाच्या मागच्या मांडीत बसली. ते बाहेरच्या बाजूला पळालं नाही. पाय ओढत नवऱ्याकडेच गेलं. वरून पाहुणे ओरडत होते, "यल्ला, बाजूला हो!" तो बाजूला झाला. आणखी दोन गोळ्या लागल्या. सोफ्यावरचा माणूस उठला, त्याच्या मांडीवरची पिस्त्याची फोलपटं गालिच्यावर सांडली, आणि त्याने माझ्या ट्रेमधला चहा उचलून विचारलं, साखर कमी का.

संध्याकाळी मॅनेजरने प्लॅस्टिकच्या पिशवीत हरणाची मांडी बांधून दिली. "भाभीजी, आपका हिस्सा."

मी ती घरी आणली आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला देऊन टाकली. त्यांना आनंद झाला. त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटीभर रस्सा पाठवला, तो मी बेसिनमध्ये ओतला.

शनिवारी पासपोर्ट दिला आणि आठवड्याने व्हिसाचा शिक्का मारून परत आला. मुलीने तो बघितला, "थँक गॉड" म्हणाली आणि भूमितीकडे वळली. नवरा ताटावर बसला, पण हात घालेना.

"जेवा," मी म्हटलं. "ज्याच्यासाठी केलंत ते झालंय."

तो जेवला. मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली, चांगली पास झाली. त्यानंतरही नवरा त्या जमिनीवर दोन मोसम होता. मी पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. शुक्रवारी तो शिकारीवरून यायचा, अंगाला हरणांचा वास, तेव्हा मी त्याला दारातच थांबवायची. कपडे बाल्कनीत काढायचे, सरळ बाथरूममध्ये जायचं, मगच मी चहा ठेवायची. त्याने कधी कुरकुर केली नाही.