खाडीचं वेळापत्रक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या शेजारच्या नानांचे. मुक्ताईनगरकडच्या आमच्या गावात ते केळी भरणाऱ्या टोळीचे मुकादम. बारावीनंतर मी काम मागायला गेलो, तर म्हणाले, "माझ्या टोळीत तुला जागा नाही. चल, कॉलेजात चल." फॉर्म भरायला स्वतः सोबत आले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

नोकरी मात्र कोकणात, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात लागली. पर्यटकांना होडीतून खाडी, कांदळवन, पक्षी दाखवणाऱ्या समितीचा मी व्यवस्थापक. पहिल्याच आठवड्यात मी बोर्ड रंगवून घेतला: फेऱ्या रोज नऊ, अकरा आणि चार वाजता. आमच्या गावाकडे शेताला पाणी पाटाने, ठरल्या पाळीने येतं. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, हे पुस्तकात वाचलं होतं. अंगात भिनलं नव्हतं.

आमच्या होडीवरचा म्हातारा खलाशी बोर्ड बघून हसला. "साहेबानू, पाणी तुमचो बोर्ड वाचता काय?"

मला राग आला. पुढच्याच रविवारी, ओहोटी लागलेली असताना, मी हट्टाने नऊची फेरी काढायला लावली. परतताना होडी चिखलात बसली. भरती येईपर्यंत चार तास आम्ही उन्हात, डासांत. धुळ्याचं एक कुटुंब होतं, त्यांची लेक पाण्यासाठी रडत होती. माझी बोली ऐकून तिच्या आजीने विचारलं, "तू खान्देशना शे का, भाऊ?"

"हो, अक्का."

"मंग आठे कसाले उना?"

इथे कशाला आलो, हे मी पुढे रोज स्वतःलाच विचारू लागलो. समितीने मला सुधारायला होळीपर्यंत मुदत दिली. तेव्हापासून झोप नीट नाही. किनाऱ्यावर लोक सुट्टी घालवायला येतात, आणि मी मोबाइलवर गावाकडे, भुसावळला जाणाऱ्या गाड्या बघत बसतो. नानांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून शेवटी पत्र लिहिलं:

"नाना, साष्टांग नमस्कार.

इथे सगळं छान आहे असं घरच्यांकडून कळवत होतो, ते खोटं होतं. खलाशाचं न ऐकता होडी अडकवली. चूक माझीच. आता रोज पहाटे त्याच्याबरोबर जातो, तो शिकवतो. तरी जीव रमत नाही. होळीला समितीवाले नोकरीवर ठेवतील की काढतील, माहीत नाही. ठेवलं तरी परत यावंसं वाटतं. तुम्ही गावभर मला साहेब म्हणून सांगितलंय. मी आपणहून परत आलो, तर तुम्हाला खाली बघावं लागेल का? तेवढं खरं कळवा."