सुभेदारांचं लॉन आणि माझी जलपिंपळी

कुंडलला घर बांधलं तेव्हा आमच्या सुभेदारांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुढच्या अंगणात लॉन लावलं. पलटणीत साहेबांच्या बंगल्यापुढं होतं म्हणून. गाईनं चरायचं नाही, पोरांनी तुडवायचं नाही, आणि दोन वेळा पाणी मात्र पाजायचं. असल्या ऐतखाऊ गवताचं कौतुक मला कधी जमलं नाही. भोवतीनं गेरू-चुना फासलेले दगड एका ओळीत. सुभेदारांनी दगडांनाही सावधान उभं केलं होतं.

माझा जीव अडकला होता परसातल्या लाल भोपळ्यात. गौरीच्या घाऱ्यांना आमच्या अख्ख्या आळीला माझाच भोपळा लागतो. पण दोन वर्षं वेल नुसता फुलत होता; फुलामागचा बारका भोपळा पिवळा पडून गळायचा. मधमाश्याच फिरकत नव्हत्या. येतील कशाला? चारी बाजूंनी ऊस, आणि दारात ते लॉन.

उन्हाळ्यात सुभेदार शिरवळला लेकीकडं राहायला गेले. तेवढ्यात मी निम्मं लॉन उपटलं आणि कालव्याच्या कडेची जलपिंपळी आणून लावली. ही जमिनीलगत पसरते, पेरापेराला मुळं धरते, वर बारीक पांढरी-जांभळट फुलं येतात.

"हे काय तण लावलंस गं?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"तण न्हाई, फुलं हाईत. माश्या येत्याल."

आल्याच. पाऊस लागेपर्यंत अंगण गुणगुणायला लागलं आणि मांडवावर पहिला भोपळा मुठीएवढा झाला. मी कुणाची दृष्ट लागेल म्हणून बोललेसुद्धा नाही.

मग मी दहा दिवस जतला माहेरी गेले. इकडं पलटणीतले जोडीदार जेवायला येणार म्हणून सुभेदारांनी फवारणीचा पंप पाठीला लावला. मी परत आले तर जलपिंपळी करपून काळी, आणि उरलेलं लॉन हिरवंगार! उसातलं तणनाशक मारलं होतं. त्यानं रुंद पानाचं मरतं, गवताला काही होत नाही.

"एरिया साफ केला. लय माजलं हुतं," ते मिशीला पीळ देत म्हणाले.

सरहद्दीवर शत्रू ओळखणाऱ्या माणसाला दारातलं फूल ओळखू येऊ नये! मी रडले, पण रडण्यापेक्षा चीड जास्त आली.

चार दिवसांत माश्या गेल्या आणि बारके भोपळे पुन्हा गळायला लागले. गौरी दोन महिन्यांवर. पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी सुभेदारांना उठवून मांडवाखाली उभं केलं आणि हातात नरफूल दिलं.

"आवं, मागं बारका भोपळा दिसतोय ती मादी. तिच्यात हे हळू फिरवायचं. आजपासनं माश्यांची ड्यूटी तुमची."

"लोकं बघत्याल की."

"बघू द्या."

सुभेदारांनी कमरेत वाकून पहिलं मादीफूल धरलं, आणि भोपळ्यासकट उपटून माझ्या हातात दिलं.