शेगावच्या फलाटावरचा कास्तकार

शेगावच्या फलाटावर एक बडा कास्तकार अख्खं बाक अडवून बसला होता. मी मास्तर आहे हे कळताच त्याने पाय आवरून मला जागा दिली.

मी पेपर मोठ्याने वाचू लागलो. जर्मनीचा नाझी शिक्षणमंत्री मूळचा मास्तर. राजकारणात शिरला, नोकरी गेली आणि आता मंत्री होऊन विद्वान प्राध्यापकांना हाकलत होता. आमच्याच पेशातला माणूस, म्हणून मी चिडूनच वाचत होतो.

"मास्तर, त्याले शिकवणारे जिते असतीन काय?"

"कोण जाणे! का हो?"

तो मिशीवरून हात फिरवत राहिला. "माये गुरुजी गेले. लय हाणलं त्यायनं मले. घरबी पडलं त्यायचं. पण तेथून जातो तं मी घोड्यावरून उतरतोच."

गाडी आली. मी चढेपर्यंत तो काठी टेकून खालीच उभा राहिला.