सुमनने आज मांडवाकडे पाहिलं

आज सकाळी दिंडोरीला धाकट्या जावेकडे, सुमनकडे, जाऊन आले. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मानेचे मणके वाकत जाऊन तिची हनुवटी छातीला टेकली होती. समोरचं माणूस ती चपलांवरून ओळखायची. लोक म्हणायचे, वय झालं. ऑपरेशनमध्ये हातापायांतली ताकद जाऊ शकते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणाली, "जमीन लय बघून झाली. करा तुम्ही."

ऑपरेशन नीट पार पडलं. मानेचा पट्टा निघाल्यावर आज ती पहिल्यांदाच द्राक्षबागेत आली. आत स्क्रू आणि सळया आहेत, त्यामुळे मान वळत नाही. ती अख्खीच वळते. तशी वळून मला म्हणाली, "ताई, तुमचं डोकं पार पांढरं झालं की!"

मग कमरेतून मागे झुकून तिने मांडवावरचे घड पाहिले आणि नवऱ्यावर कडाडली, "मणी किती दाट ठेवलेत! ही विरळणी कोणी केली? मला दिसत नाय म्हणून काय पण चालवलं?"

माझे दीर शिव्या खात हसत उभे होते.

डॉक्टरांचं कौतुक आहेच. पण त्यांना "करा" म्हणणाऱ्या सुमनला माझा नमस्कार.

तुमच्या घरात कोणी खाली बघत चालतं का? त्यांना डॉक्टरांकडे नेलंत, की वय झालं म्हणून सोडून दिलंत?