नातीच्या नावाने घातलेले गाऱ्हाणे

"बा देवा म्हाराजा, ह्या म्हातारेच्या नातीक रातचा अंथरुणात मुतूची जी काय खोड लागली आसा, ती तुया दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे देऊळ एका आवाजात म्हणाले.

"चेडू नऊ वर्षांचा झाला, चौथीत गेला, तरी आजयेक तेची वाकळ धुवची लागता. कोणाची वाकडी नदर आसात, भायरची बाधा आसात, आवशीच्या म्हायेरसून इल्ला काय आसात, ता तुया बगून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागे मुलांच्या घोळक्यात कोणीतरी फिसकन हसले. मग बरीच हसली. नात माझ्या शेजारी उभी होती, दसऱ्याचा नवा फ्रॉक घालून. ती रडली नाही. तिने माझ्या हातातला आपला हात काढून घेतला आणि फ्रॉकच्या खिशात घातला. गावकर पुढचे गाऱ्हाणे घालू लागला, कुणाच्या तरी म्हशीचे. त्यालाही लोक तेवढ्याच जोरात "व्हय म्हाराजा" म्हणाले.

आमच्याकडे गाऱ्हाणे मनातल्या मनात घालत नाहीत. गावकर देवासमोर उभा राहून मोठ्याने सांगतो आणि जमलेली माणसे त्याला होकार देतात. सगळ्या गावाने होकार दिला की देवाला ते टाळता येत नाही, असे आम्ही मानतो. गावकराने मला आधी विचारले होते, "काकी, उघड सांगू, काय नुसती इडापिडा म्हणान सोडून देव?"

मी म्हटले, "उघड सांग. देवाक कोड्यात सांगलेला कळाचा नाय."

आवशीच्या माहेरचे वाक्य मीच त्याला घालायला सांगितले होते. सून बायकांच्या बाजूला खांबाजवळ उभी होती. तिच्या कानावर ते जावे आणि चार बायकांनी तिच्याकडे बघावे, ही माझी इच्छा होती. नात बरी व्हावी असेही वाटत होते, नाही असे नाही. पण दोन्हीपैकी जास्त काय वाटत होते, हे मला विचारू नका.

सुनेचे आणि माझे तेव्हा चार वर्षे बोलणे नव्हते. ती मला न विचारता काजूच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. मी म्हटले, घरात खायला कमी आहे का? ती म्हणाली, खायला आहे, पण मागायला लागते. त्यावर मी तिच्या आईबापांचा उद्धार केला. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मुलगा पहाटे मोटारसायकलवरून गोव्यात कामाला जातो. आमचे गाव आरोंद्याच्या बाजूचे, गोव्याच्या हद्दीला लागून, त्यामुळे अर्धी तरणी माणसे तशीच जातात. तो अंधार पडल्यावर येतो, जेवतो आणि झोपतो. आईची बाजू घ्यावी की बायकोची, हे ठरवायला नको म्हणून तो मोबाईलमध्ये डोके घालून बसत असे.

पण एका चुलीवर दोन बायका म्हटल्यावर काही ना काही बोलावे लागतेच. ते आम्ही नातीकडून बोलत होतो.

"तुज्या आवशीक सांग, आमटीत मीठ घातल्यान की आख्खी खाडी ओतल्यान?"

पोर स्वयंपाकघरात जाई आणि म्हणे, "आई, आजी म्हणता आमटी बरी झाली, जरासा पाणी घाल."

तिकडून सून म्हणे, "आजयेक सांग, हातपाय चलतत तर भांडी घासूक काय झाला?"

पोर ओटीवर येऊन म्हणे, "आजी, भांडी रवांदेत म्हणता. ती मागसून घासतली."

ती असे निरोप बदलत होती, हे मला फार उशिरा कळले. सून जरा मऊ झाली आहे असे मला वाटे. सुनेलाही माझ्याबद्दल तसेच वाटत असणार. पाच वर्षांची असल्यापासून पोर आमचे शिव्याशाप तोंडात घेऊन चालत होती आणि दाराच्या उंबऱ्यावर गिळून टाकत होती. बोलायच्या आधी ती समोरच्याचे तोंड बघायची. दुकानदाराचे, बाईंचे, बरोबरीच्या पोरींचेसुद्धा. लोक म्हणत, काय शहाणे चेडू आहे, उलट म्हणून बोलत नाही. मलाही त्याचा अभिमान होता.

माझ्या लहानपणी आमच्या घरातही हेच होते. बापूस ओटीवर, आवस चुलीकडे आणि मधे मी. निरोप पोचवून झाला की मी गोठ्यात जाऊन बसायची. ते मी विसरले नव्हते. विसरले असते तर आज सांगायला बरे पडले असते.

पोर माझ्याकडे झोपत असे. अंथरूण ओले व्हायला लागले ते आठव्या वर्षी. पहिल्यांदा झाले तेव्हा ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, कोणाक सांग नको. आईक तर नकोच." मी म्हटले, "माका काय येड लागला हा?" सून कारखान्यात गेली की मी वाकळ धुऊन मागच्या दारी वाळत घालायची आणि ती यायच्या आत काढून ठेवायची. घरात खरे बोलायला पोरीला तेवढी एकच जागा होती. ती जागा मी दसऱ्याच्या दुपारी ढोल वाजवून मोडली.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि पोर मुकी झाली. विचारले तर "काय नाय" एवढेच म्हणे. शेजारच्या पोरीने मला सांगितले. बाईंनी वर्गात विचारले, "साताचा पाढा म्हणतेस का?" ही म्हणाली, "हो बाई." लगेच मागच्या बाकांवरून मुले ओरडली, "व्हय म्हाराजा!" वर्ग हसला. बाईही जरा हसल्या, मग त्यांनी मुलांना दटावले. त्यानंतर ती कशालाही हो म्हणाली की मुले ठेका धरीत. म्हणून तिने हो म्हणणे सोडले, मग नाही म्हणणेही सोडले. मान हलवायची. पाणी प्यायला नळावर गेली तरी कोणीतरी म्हणे, "कमी पी गो, आजयेक धुवचा लागता!"

शेवटी बाईंनी सुनेला बोलावून घेतले. ती शाळेतून आली ती चपला न काढता ओटीवर माझ्यासमोर उभी राहिली. चार वर्षांनी तिने माझ्याशी तोंड उघडले.

"देवाक सांगलात. सगळ्या गावाक सांगलात. माका सांगूक तोंड नाय होता तुमका?"

मी म्हटले, "तू आवस ना? तुका कळूक नको?"

"माका ठावक नाय होता?" ती म्हणाली. "वाकळ उठसूट धुवतात, घरात वास येता, माका नाक नाय काय? आवशीक म्हायत नाय म्हणान चेडू बिनघोर होता. म्हणान गप रवलंय मी. तुमची वाकळ दोरयेर दिसली की मी वाटेरच थांबय. तुमका काढूक वेळ मिळांदे म्हणान."

मी सुपातले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

पोर दारात उभी होती. आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. कोणता निरोप कोणाला द्यायचा, हे तिला समजत नसावे. मी तिला म्हटले, "गो, तुज्या भल्यासाठीच केलंय मी." तिने मान हलवली. त्या रात्रीपासून ती आईजवळ झोपायला लागली.

सून आता माझ्याशी बोलते. गोड नाही, कामापुरते. मीठ जास्त झाले तर मी तिलाच सांगते आणि ती मलाच उलटून बोलते. मुलगा मधेच जेवता जेवता हसतो. शिमग्यापर्यंत अंथरूण ओले व्हायचे थांबले. गावकर रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "काकी, देव पावलो मा? आता नारळ घेवन ये, उपकाराचा गाऱ्हाणा घालूया."

नात बरोबर होती. ती माझ्या मागे सरकली नाही, पुढे निघून गेली. मी एकटीच देवळात गेले, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे न घालता परत फिरले. गावकर म्हणाला, "असो मुको नारळ कोण ठेवता गे?" मी म्हटले, "मी ठेवतंय." गावात अजून म्हणतात की गाऱ्हाणे लागू पडले. मी कुणाला खोडून काढत नाही. खोडायचे तर सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल आणि तेवढे धैर्य मला तोंडी होत नाही, म्हणून लिहिते आहे.

नात आता पाचवीत आहे, दुसऱ्या शाळेत एसटीने जाते. माझ्याशी नीट वागते. चष्मा शोधून देते, गोळ्या घेतल्या का विचारते. परवा ती शाळेतून आली तेव्हा डोळे लाल होते. मी विचारले, "काय झाला गो? कोण काय बोल्ला?"

"काय नाय, आजी. तुका चाय करू?"

तिने चहा केला, मला दिला, साखर बरोबर घातली होती. मग ती आत आईकडे गेली. भिंतीपलीकडून दोघींचे बारीक आवाज येत होते. पोर हुंदके देत काहीतरी भराभर सांगत होती, मधेच आईशी वाद घालत होती. मी उठून दाराशी गेले नाही. मला कोणी बोलावले नव्हते.

देवळातल्या त्या दिवसाचा विषय निघाला की शेजारीण म्हणते, तुला किती वाईट वाटले असेल. वाटले, आणि अजून वाटते. पण गावासमोर उभी होती ती नऊ वर्षांची मुलगी होती. तिला काय वाटले हे कोणी विचारत नाही, मीही अजून विचारलेले नाही.