देवऋषीला सांगितलेला रोल नंबर

भोरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या मनातलं सगळं एसटीतल्या लोकांना ऐकू जातंय. कुणी खोकलं की मला ते उत्तर वाटायचं. मग एकदम उलटं झालं. झोप उडाली, पण थकवा नाही. महिनाभर वाटत होतं, आपल्याला सगळं जमतं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. एका भर दुपारी मी आमच्या सगळ्या शेळ्या रानात सोडून दिल्या. त्या सुटका मागतायत, असं मला स्वच्छ कळलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, दिवस मावळेपर्यंत रान पालथं घालत होते. दोन शेळ्या सापडल्याच नाहीत.

त्यानंतर मी जी आडवी झाले ती उठेचना. आई केस विंचरायची, तेव्हा मला तिच्या हाताचंही ओझं व्हायचं.

चुलत्यांनी देवऋषी आणला. त्यानं माझ्यापुढं लिंबू ठेवलं, अंगारा फुंकला आणि दरडावलं, "बोल, कोण हाईस तू?"

कितीतरी दिवसांनी मला राग आला. बरं वाटलं. उठून बसले आणि माझं नाव सांगितलं, आबांच्या नावासकट. "सेकंड इयर बीएस्सी. रोल नंबर छप्पन्न."

तो चुलत्यांकडं वळून म्हणाला, "भूत शिकलेलं दिसतंय."

मी हसले. तसा त्यानं मला मारायला निरगुडीचा फोक उचलला. दाराशी बसलेले आबा उठले आणि त्याचा हात धरला. "शेळी आजारी पडली तर आपुन जनावरांचा डॉक्टर आनतो. पोरीला फोक व्हय? न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही नसरापूरला उतरलो आणि तिथून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. आबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं.

चुलते म्हणाले, "गोळ्या लपवून ठेवा. लगीन व्हायचं न्हाई हिचं."

मी गोळ्यांचा डबा मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. शेजारणीनं विचारलं, "कशाच्या गं?"

"डोक्याच्या."

"दुखतं व्हय?"

"न्हाई काकू. लई पळतं."

गोळ्यांनी सगळं पुसलं गेलं नाही. अंग जड झालं, एक वर्ष वाया गेलं. विचार अजूनही येतात. मी त्यांना तपासते. परत एसटीत मनातलं लोकांना ऐकू जातंय असं वाटायला लागलं तेव्हा कंडक्टरकडं बघून मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की ऐकल्या असत्या तर त्यानं मला घाटातच उतरवलं असतं. त्यानं मुकाट्यानं तिकीट फाडलं. त्या दिवशी मी खिडकीशी बसून पोटभर हसले, आणि लोक बघत होते तर बघू दिलं.

परीक्षा दिली, पास झाले. आता भोरमध्ये एका लॅबमध्ये रक्त तपासते. गेल्या महिन्यात वरच्या वस्तीवरची एक बाई सुनेला घेऊन आली. इकडंतिकडं बघत कुजबुजली, "तुजी ती डॉक्टरीण कुठं बसती गं? कुनाला सांगू नगंस."

"मावशी, मोठ्यानं विचारा," मी म्हणाले. "गुरुवारी मी जाणारच हाय. चला संगं."